मूल कुणाच्या पटावर?

(दहावीच्या १९९५च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात मे २०२५मध्ये केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी हो म्हटलं आणि दोन दिवसांनी फोन करून विषय बदलून मागितला. संधींची माहिती तुमची मुलं माझ्यापेक्षा लवकर मोबाइलवर काढतात. मला बोलायचंय ते धंदा आणि मुलं याबद्दल. आपल्या बॅचमध्ये नोकरदार जितके, जवळजवळ तितकेच धंदेवाले. कुणाची चिरेखाण आहे, कुणाच्या कलमांच्या बागा, कुणी हायवेच्या कामात ठेकेदार, कुणाचं हॉटेल. म्हणजे ज्यांनी मनावर घेतलं तर पुढच्या हंगामात खरंच काही बदलेल, अशी माणसं समोर बसली आहेत. पुण्यातल्या परिषदांमध्ये असे श्रोते मिळत नाहीत.

आधी माझ्या कामाचं सांगते. मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या पुरवठादारांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आमची टीम बनवते. त्यात एक फॉर्म असतो आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न: तुमच्याकडे बालमजूर आहेत का? हो किंवा नाही. इतक्या वर्षांत मी एकही ‘हो’ पाहिलेला नाही. शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार दरवर्षी एक अहवाल द्यावा लागतो. त्यातही विचारतात, बालमजुरीच्या तक्रारी किती आल्या? उत्तर बहुतेक ठिकाणी शून्य. आता तक्रार करणार कोण? आठ वर्षांचं मूल अर्ज लिहून देणार आहे का?

तीन वर्षांपूर्वी माहेरच्या घराची पडवी वाढवायची होती म्हणून मी भावाबरोबर चिरे बघायला एका खाणीवर गेले होते. (मालक आपल्या बॅचचे नाहीत, तेव्हा एकमेकांची तोंडं बघू नका.) दहाएक वर्षांची एक मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन खाणीच्या काठावर उभी होती. दोघंही लाल धुळीने माखलेली. खाली तिची आई चिरे उचलून रचत होती. मधूनच मुलगी भावाला एका पोत्यावर बसवायची आणि आईला दोन-चार चिरे सरकवून द्यायची. मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, आम्ही पोरांना कामावर ठेवत नाही हो. आईबापांबरोबर येतात, त्याला आम्ही काय करणार?” माणूस वाईट नव्हता. दर जूनमध्ये गावच्या शाळेला वह्या वाटतो, हेही त्यांनी सांगितलं आणि ते खरं होतं.

त्या मुलीचं नाव गावच्या शाळेच्या पटावर नव्हतं आणि खाणीच्या मस्टरवरही नव्हतं. मालकाच्या लेखी ती तिथे नव्हतीच.

घरी येऊन मी कायदा वाचला. १९५२च्या, तेव्हा लागू असलेल्या खाण कायद्यात एक गंमत होती. जांभा, मुरूम, वाळू असल्या गोष्टींच्या छोट्या उथळ खाणींना, जिथे सुरुंग लावत नाहीत आणि माणसं पन्नासाच्या आत आहेत, त्यांना त्या कायद्यातल्या बहुतेक कलमांतून सूट होती. पण मोजकी कलमं सुटत नव्हती आणि त्यातलंच एक ४५वं. ते म्हणत होतं, खाणीचं काम जिथे चाललंय तिथे अठरा वर्षांखालच्या कुणालाही हजर राहू द्यायचं नाही. ‘काम करू द्यायचं नाही’ नव्हे, ‘हजर राहू द्यायचं नाही’. म्हणजे “आम्ही ठेवत नाही, ती येतात” हे उत्तर त्या कायद्याला चालत नव्हतं. खाणमालक मित्रांनो, हे तुमच्या वकिलाला जरूर विचारा.

पण नुसतं पोराला हाकलून काय होणार? ती मुलगी धाकट्याला घेऊन झोपडीत बसेल, एवढंच. तिला शाळेत जायचं तर धाकट्याला सांभाळणारं कुणीतरी हवं. तेव्हाच्या कायद्यांत कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका असल्या तर पाळणाघर सक्तीचं होतं, बांधकामावर पन्नासपेक्षा जास्त असल्या तर. खाणीवर बायका असतात सहा नाहीतर आठ. कुठलाच आकडा तिथवर पोचत नव्हता. तिथे जे काही होईल ते मालकाच्या मनाने होईल.

दुसरी गोष्ट मजुरीची. जिथे मजुरी नगावर असते तिथे मुलाच्या दोन हातांनाही किंमत येते. दहा चिरे जास्त रचले गेले की संध्याकाळी तेवढे पैसे जास्त. बाईला स्वतःची, पोट भरेल अशी रोजची मजुरी मिळाली तर मुलाला हाताशी घेण्याचं कारणच उरत नाही. देशावर ऊसतोडीचंही असंच आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला सगळं घर फडावर. साखर कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. साखर घेणारी शीतपेयाची कंपनी म्हणते, आम्ही कारखान्याकडून घेतो. २०२४ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या या उसाबद्दल लिहिलं, तेव्हा कोका-कोला आणि पेप्सीची नावं जगभर झाली. बीडच्या शिक्षकांना त्यात नवं काहीच नव्हतं. दिवाळीनंतर वर्ग ओस पडताना ते वर्षानुवर्षं बघत आलेत.

२०१२ साली युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचं ग्लोबल कॉम्पॅक्ट आणि सेव्ह द चिल्ड्रन यांनी मिळून धंद्यांसाठी दहा तत्त्वं तयार केली, मुलांच्या हक्कांबद्दल. सगळी सांगत बसत नाही. त्यात दोन वेगळे शब्द आहेत. एक, हक्कांचा मान राखणं आणि दुसरा, पाठबळ देणं. मान राखणं म्हणजे माझ्या धंद्याच्या रीतीमुळे कुठल्या मुलाचं नुकसान होऊ न देणं. पाठबळ म्हणजे त्यापलीकडे जाऊन काही देणं. आपल्याकडे दुसरं भरपूर होतं. वह्या, दप्तरं, संगणक, शाळेचं रंगकाम. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, तेव्हापासून तर फोटोंना तोटाच नाही. पण तो नफा कसा कमावला, हे ते दोन टक्के विचारत नाहीत. वह्या जरूर वाटा. आधी खाणीच्या काठावरची मुलगी बघा.

आता कुणी म्हणेल, ही सॉफ्टवेअरवाली आम्हाला धंदा शिकवते. मी शिकवत नाही, आपल्याच शाळेकडे बोट दाखवते. आपल्या संस्थेचं नाव काय? व्यापारी पैसा फंड. दहा वर्षं आपण ते नाव छातीवरच्या बिल्ल्यासारखं वागवलं आणि त्याचा अर्थ कधी बघितला नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना महाराष्ट्रात गावोगाव फिरवली. माणशी एक पैसा. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. संगमेश्वरात ‘व्यापारी’ आणि ‘पैसा फंड’ हे शब्द एकत्र आले ते एका शाळेच्या पाटीवर.

आणि हे जमतं, त्याचा दाखला पुण्यातच आहे. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांची बाळं धुळीत पडलेली पाहिली आणि तिथेच तंबू ठोकून पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. पुण्यात तेच काम आज तारा मोबाइल क्रेशेस करते. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल पुण्यात बांधकामांवर वर्ग चालवते. यात बिल्डरने द्यायचं काय? साइटवर एक खोली, वीज, पाणी. सगळे बिल्डर देत नाहीत, पण देतात त्यांचे मजले थांबलेले मी तरी पाहिले नाहीत. शिकवणारी माणसं संस्थेची.

इकडे तेवढीही संस्था लागणार नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट घसरलाय, शाळा टिकेल का याची चिंता आहे. आणि त्याच शाळेपासून मैलावर बागेतल्या खोपीत नेपाळी राखणदाराची दोन मुलं दिवसभर वानर हाकत बसलेली. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. वर्षाच्या मध्येही घ्यावं लागतं. अडतं कुठे? रस्त्यावर. डंपरच्या रस्त्याने सहा वर्षांच्या पोराला एकटं कोण सोडणार? आणि तुमचा टेंपो रोज सकाळी त्याच रस्त्याने रिकामा जातो.

माझ्याही धंद्याला सोडत नाही. मुलांच्या खेळांची ॲप त्यांची माहिती गोळा करून जाहिराती दाखवतात. २०२३च्या माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलांचा असा माग काढायला मनाई केली आहे, अंमल अजून व्हायचाय. तोवर आम्ही इंजिनिअर काय करतो, हे आमचंही बघितलं जाईलच.

तर मागणं एवढंच. खाणी आणि बागांचा पुढचा हंगाम पावसानंतर सुरू होईल. माणसं उतरली की पहिल्या आठवड्यात मुलांची नावं आणि वयं एका कागदावर लिहा आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. खड्ड्यापासून लांब पत्र्याची एक शेड घाला आणि कामावरच्याच एका बाईला पूर्ण मजुरी देऊन लहानग्यांपाशी बसवा. बाईची मजुरी नवऱ्याच्या नव्हे, तिच्या हातात द्या. शेडच्या खर्चात मी वाटा उचलीन, मजुरीच्या नाही. ती धंद्यातूनच निघायला हवी.

आपल्या बॅचची एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. जेवणानंतर ती आणि मी मागच्या वर्गात बसणार आहोत. तिच्याकडे आसपासच्या शाळांचे फोन नंबर आहेत आणि माझ्याकडे नावं लिहायचा कोरा तक्ता. ज्यांच्या खाणी, बागा, साइट आहेत त्यांनी निघण्याआधी पाच मिनिटं तिकडे यावं.