पाटणच्या बाजाराने पोसलेला मठ



खानदेशातील शिक्षणाचा इतिहास पुष्कळदा इंग्रजी अमदानीपासून सांगितला जातो. चाळीसगाव तालुक्यातील पाटणचा शिलालेख मात्र आपल्याला त्याच्याही सहा शतके मागे नेतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापिला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ च्या श्रावणात, ग्रहणाच्या पर्वावर, त्याला दान दिले. लेख संस्कृतात आहे. पण देणग्यांचा तपशील आला की तो चक्क मराठीत उतरतो. बाजारातील मालावर राजाला मिळणारा वाटा मठाला, घाण्याचे तेलही मठाला. सिद्धान्तशिरोमणीचे गणित तेल्याच्या घाण्यावर चालले होते म्हणा ना!

अमळनेरला विसाव्या शतकात हेच घडले. गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या औदार्याने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर, १९४५ मध्ये महाविद्यालय उभे राहिले. त्यांचेच नाव लाभलेल्या हायस्कुलात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० अध्यापन केले.

तेल देणाऱ्या त्या तेल्याची मुले मठात शिकत होती काय? शिलालेख त्याविषयी मौन बाळगतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना तर विसाव्या शतकातही अक्षरओळख लाभली नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये नाव मिळाले, ते त्यांचेच.