मधले पाच



मिशिगनमधल्या माझ्या पंचविसेक वर्षांवर बोला, असं मंडळाचं सांगणं होतं. मी त्यातले चारच महिने घेतले आहेत. 2 सप्टेंबर 2023 ते 8 जानेवारी 2024. या चार महिन्यांत मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ पंधरा सामने खेळला आणि पंधराही जिंकला. नेमके त्याच दिवसांत माझे बाबा आमच्याकडे राहायला आले होते. या दोन गोष्टी आता माझ्या मनात एकमेकींपासून सुट्या होत नाहीत.

बाबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात व्यायामशिक्षक होते. निवृत्तीनंतरही आसपासच्या जत्रांतल्या कुस्त्यांना पंच म्हणून त्यांना बोलावणं यायचं. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच इकडे आले. वय एकोणऐंशी. दिवसभर घरात एकटे, बाहेर पडलं तर रस्त्यावर माणूस नाही. हे सहा महिने त्यांना कसे जाणार, या काळजीत मी होते. आणि पहिल्या सामन्याचा शनिवार आला.

त्या वर्षी आम्हां सगळ्यांच्या मनावर किती ओझं होतं, ते इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. पण नवीन आलेल्यांसाठी सांगते. 2020 साली हा संघ सहांपैकी चार सामने हरला होता. आमच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडून, ओहायो स्टेटकडून, तर आम्ही 2012 पासून सलग आठ वेळा हरलो होतो. माझा मुलगा अ‍ॅन आर्बरला याच विद्यापीठात शिकत होता, तेव्हा 2019 च्या त्या सामन्याला तो विद्यार्थ्यांच्या गर्दीत उभा होता. 56-27. रात्री त्याचा फोन आला आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग 2021 साली, बर्फ पडत असताना, 42-27 असा विजय. पुढच्या वर्षी त्यांच्याच घरी जाऊन 45-23. पण दोन्ही वर्षी राष्ट्रीय उपांत्य सामन्यात घात झाला, एकदा जॉर्जियाकडून आणि एकदा टीसीयूकडून. ब्लेक कोरम, झॅक झिंटर, ट्रेव्हर कीगन ही मुलं व्यावसायिक संघांकडे जाऊ शकत होती. ती गेली नाहीत. हे एक वर्ष राहिलंय म्हणून थांबली. 1997 नंतर विजेतेपद नव्हतं, आणि तेही नेब्रास्काबरोबर वाटून घेतलेलं. म्हणजे यंदा नाही तर मग कधी नाही, असं सगळ्या गावाला वाटत होतं.

पहिल्या सामन्याला मी बाबांना नियम सांगायला बसले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात की पुन्हा चार प्रयत्न. ते लगेच कळलं. पण थोड्या वेळाने वैतागून म्हणाले, "अगं, चेंडू कुणाकडं गेला तेच मला दिसत नाही."

"बाबा, तो दिसू नये म्हणूनच त्यांचा सगळा खटाटोप असतो."

"मग मी चेंडू बघतच नाही. हे मधले पाच जण आहेत ना, खाली वाकून बसतात ते? त्यांच्याकडं बघतो."

मी इथे 1999 पासून फुटबॉल बघते आहे. नजर कायम चेंडूवर. क्वार्टरबॅककडून तो कुणाकडे गेला, पळणारा किती पळाला. हे मधले पाच लाइनमन चेंडूला शिवत नाहीत. अपवाद मधल्याचा. त्याने तो पायांमधून मागे दिला की त्याचाही संबंध संपला. तीनशे पौंडांचे हे पाच जण समोरच्याला रेटतात, अडवतात, वाट करून देतात. त्या वाटेने दुसरा कुणीतरी पळतो आणि नाव त्याचं होतं. बाबांनी शाळेतली सवय म्हणून एक वही केली होती. त्यात पहिल्या पानावर मधल्या तिघांची नावं लिहिली: कीगन, नुजेंट, झिंटर. शेजारी नंबर. झिंटर, 65. प्रत्येक सामन्यानंतर नावापुढे शेरा. "कंबर खाली." "पाय थांबले नाहीत." "आज समोरचा भारी होता."

23 सप्टेंबरला रटगर्सविरुद्धच्या सामन्याला मी त्यांना स्टेडियममध्ये घेऊन गेले. सकाळीच पोचलो. समोरच्या गोल्फच्या मैदानावर गाड्या लावून लोकांनी शेगड्या पेटवल्या होत्या, आम्ही डब्यातून बटाटेवडे नेले होते. रस्त्यावरून बघितलं तर हे स्टेडियम फार मोठं वाटतच नाही. तुम्हीही बघितलं असेल. बाबाही म्हणाले, "एवढंच?" दारातून आत गेलो आणि पायाखाली ती प्रचंड कढई उघडली. 1927 साली बांधलेलं, बहुतेक भाग जमिनीत खोदलेला, 1,07,601 माणसांची जागा. दारातून आत आलेला माणूस वरच्या कडेपाशी उभा असतो आणि मैदान तळाशी. बाबा कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "खासबाग!"

मला एकदम पटलं. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून कोल्हापुरात खासबागचं मैदान उभं केलं, तिथेही आखाडा तळाशी आणि माणसं चढत्या उतारावर. शेवटच्या रांगेतल्यालाही पैलवानाचे पाय दिसावेत म्हणून. बाबा दहा वर्षांचे असताना आजोबांच्या खांद्यावरून त्यांनी तिथली पहिली कुस्ती बघितली होती. त्या सकाळी आम्हांला आणखी एक गोष्ट बघायला मिळाली. सामन्याच्या बऱ्याच आधी जे. जे. मॅकार्थी हा क्वार्टरबॅक एकटाच गोलच्या खांबापाशी मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. ध्यान. तो हे दर सामन्याआधी करतो हे मी ऐकून होते. वीस वर्षांचा मुलगा, चहूबाजूंनी गर्दी भरत चाललेली, आणि तो हलत नव्हता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. बोलले काही नाहीत.

ऑक्टोबरात एक प्रकरण बाहेर आलं. त्याबद्दल न बोलता मी पुढे जाऊ शकत नाही. आपल्या संघातल्या एका कर्मचाऱ्याने पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या प्रशिक्षकांच्या खुणा टिपून आणवल्या, असा आरोप झाला. मैदानात समोर दिसणाऱ्या खुणा ओळखणं नियमात बसतं. आधी माणूस पाठवून त्या टिपून आणणं 1994 पासून मना आहे. मला फार लागलं ते. आपले लोक म्हणायला लागले, सगळेच करतात. तो युक्तिवाद मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. मी पंचाची मुलगी आहे. बाबांनी वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "जोडीतल्याचा डाव त्याच्या तालमीत जाऊन बघून येणारे आमच्याकडंही होते. पण पंचांनी नको म्हटलं की नको. शिक्षा होईल ती घ्यायची आणि खेळायचं." पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने विद्यापीठाला कोट्यवधी डॉलरचा दंड केला, विजेतेपद काढून घेतलं नाही. मला तो दंड योग्य वाटतो. आणि तरीही ती मुलं मैदानात जे खेळली ते खरं होतं असं मी म्हणते, कारण खूण ओळखून समोरच्या तीनशे पौंडाच्या माणसाला मागे रेटता येत नाही.

शिक्षेची पहिली वेळ 10 नोव्हेंबरला आली. पेन स्टेटच्या सामन्याला एक दिवस राहिलेला, संघ विमानात, आणि मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांना नियमित हंगामातल्या उरलेल्या तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर बसवल्याचा निर्णय आला. दुसऱ्या दिवशी जबाबदारी शेरोन मूर यांच्यावर. मूर हे स्वतः लाइनमन होते आणि याच मधल्या पाचांना त्यांनी शिकवलं होतं. त्यांनी काय केलं? सलग 32 वेळा चेंडू घेऊन पळायचाच डाव टाकला. नोंदीत हवेतली एकही फेक नाही. समोरच्या संघाला माहीत, लाखभर प्रेक्षकांना माहीत, टीव्हीवर आम्हांला माहीत. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "अगं, हा डाव सांगून मारतोय! सांगून!" कुस्तीत याच्यापेक्षा मोठी गोष्ट नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावलं. समोरच्याला कळलेलं असतं तुम्ही पट काढणार, आणि तरी तुम्ही पटच काढता. 24-15. सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर मूर यांना बोलता येईना, ते रडले. बाबांनी वहीत तिघांच्याही नावापुढे एकच शेरा लिहिला. "शाब्बास."

पुढच्या शनिवारी मेरीलँडला हरवून संघाचा आजवरचा एक हजारावा विजय झाला, आणि मग 25 नोव्हेंबर. ओहायो स्टेट. दोघेही अपराजित.

आमच्या शेजारचे गृहस्थ गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चोवीस वर्षांत आमचं नातं हात हलवण्यापुरतं, बर्फ काढताना चार शब्द बोलण्यापुरतं. आधल्या वर्षी त्यांच्या पत्नी वारल्या. त्या दिवशी साडेअकराला त्यांनी दार वाजवलं आणि विचारलं, हा सामना एकट्याने बघवणार नाही, येऊ का? 1969 साली, अकरा वर्षांचे असताना, ते वडिलांबरोबर त्या स्टेडियममध्ये होते, जेव्हा नवे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर यांच्या संघाने पहिल्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला 24-12 ने हरवलं. हे त्यांनी आम्हांला चोवीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं. ते सोफ्यावर बसले नाहीत, बाबांच्या खुर्चीच्या मागे तिची पाठ धरून उभे राहिले.

तिसऱ्या भागाच्या शेवटी, 17-17 असताना, ढिगाऱ्याखालून एक जण उठलाच नाही. बाबा सगळ्यांच्या आधी म्हणाले, "पासष्ट." पाय मोडला होता. एक लाख दहा हजार माणसं गप्प झाली, आणि टीव्हीतूनसुद्धा ती शांतता आमच्या तळघरात उतरली. त्याला गाडीवरून नेलं. दुसरा मुलगा त्याच्या जागी आला आणि लगेचच्या खेळीत कोरम 22 यार्ड पळून सरळ टचडाऊन करून आला. आल्यावर त्याने दोन्ही हातांची बोटं वर केली. सहा आणि पाच.

शेजारी खुर्चीची पाठ धरून रडत होते. बाबांनी मागे न बघता हात वर करून त्यांच्या मनगटावर ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. सामना 30-24 ने संपेपर्यंत तो हात तिथेच होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात रॉड मूरने ओहायो स्टेटची फेक मधल्यामध्ये पकडली, तेव्हा मी ओरडले, मुलगा ओरडला, आणि हे दोघे नुसते खाली बघत होते, देवळात बघतात तसे.

मला त्या दिवशी कळलं की विजयाच्या दिवशी सगळेच निळे-पिवळे शर्ट घालून रस्त्यावर असतात, मीही असे. पण धास्ती वाटून घ्यायला आपण कुणाच्या घरी गेलो नव्हतो, आणि कुणी आपल्याकडे आलं नव्हतं. गणपतीत आपण शेजाऱ्यांना प्रसाद देतो, दिवाळीत फराळाचं ताट देतो. या माणसाच्या घरात काय हरवलंय, तो कशाची वाट बघतोय, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षं मी या गावाचाही चेंडूच बघत होते.

आयोवाला 26-0 ने हरवून आम्ही रोझ बोलपर्यंत, म्हणजे उपांत्य सामन्यापर्यंत, पोचलो. 1 जानेवारी, समोर अलाबामा. आता शेजारी विचारायला थांबत नव्हते, मागच्या दाराने सरळ तळघरात येत. 20-13 ने मागे, चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. ते मिळाले. मग रोमन विल्सनने बरोबरी करून दिली. मिनिटभरही उरलं नसताना आपल्या मुलाच्या हातून चेंडू आपल्याच गोलरेषेजवळ निसटला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तो कसाबसा पकडला गेला. जादा वेळेत कोरमने आघाडी दिली आणि मग अलाबामाचा शेवटचा प्रयत्न, तीन यार्डांवरून. त्यांचा क्वार्टरबॅक मिल्रो चेंडू घेऊन सरळ मध्यात घुसला. मध्यात! बाबा मराठीत ओरडले, "उभा राहा! उभा राहा!" आपले उभे राहिले. 27-20. शेजाऱ्यांनी ते दोन शब्द तेव्हापासून पाठ केलेत, अंगणात भेटले की मला म्हणतात.

अंतिम सामन्याबद्दल फार सांगत नाही, ह्यूस्टनला वॉशिंग्टनविरुद्ध 34-13. एवढंच सांगते की त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनचं पारितोषिक वॉशिंग्टनच्या पाचांना मिळालं होतं. त्यांच्यासमोर आपण 303 यार्ड पळून काढले, झिंटरशिवाय. बाबांनी तो आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला.

फेब्रुवारीत ते परत गेले. विमानतळावर सोडायला शेजारीही आले. त्यांनी बाबांना 1969 च्या सामन्याचं तिकीट दाखवलं, वडिलांच्या पाकिटातलं, कडा झिजलेलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, बघितलं, परत दिलं. आणि वही त्यांना देऊन टाकली. आतली सगळी अक्षरं मराठी. ती त्यांच्याकडे टीव्हीच्या शेजारी ठेवलेली असते, नवा शर्ट असावा तशी घडी मोडू न देता.

पुढच्या हंगामाला हारबॉ नव्हते, कोरम, मॅकार्थी नव्हते. बाबांना मी फोनवर सांगितलं, सगळे गेले, यंदा काही खरं नाही. त्यांच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"ते राहू दे," ते म्हणाले. "मधले पाच कोण आहेत, नावं सांग. थांब, पेन घेतो."