शेवटचे दोनशे मीटर



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे विषय एखाद्या ग्रंथाचा किंवा थोर पुरुषाचा असावा, अशी आपली रीत आहे. मी आज बोलणार आहे घरी फायबरची जोडणी मिळण्यास जो विलंब लागतो त्याविषयी. विषय ऐकून काही मंडळी हसली, हे मी पाहिले. परंतु हसणाऱ्यांपैकी निम्म्यांचे अर्ज कुठेतरी पडून आहेत, हेही मला ठाऊक आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले. तेव्हा प्रथम त्या वस्तूचे कौतुक करू द्या. ज्याला आपण ‘वायर’ म्हणतो ती मुळी तार नव्हेच. तो काचेचा तंतू असतो, जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी; आणि प्रकाश ज्यातून वाहतो तो गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. १९६६ साली इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह असे दाखवून दिले की, काचेतून प्रकाश दूर जात नाही याचा दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धतेचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा प्रकाश उरला तरी संदेशवहन साधेल. १९७० साली अशी काच अमेरिकेत झाली. आजच्या तंतूत किलोमीटरमागे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश शिल्लक राहतो. काव यांना या कामाबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हा तंतू गावात येतो, खांबावरच्या एका डबीत शिरतो आणि तेथे त्याचा प्रकाश वाटला जातो; बहुधा बत्तीस घरांना. या वाटपाला विजेचीही गरज लागत नाही. बत्तीस शिराळ्याच्या माणसाला हा आकडा ऐकून बरे वाटावे! मलाही वाटले. मात्र तेहतिसाव्या घराचे काय, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

ते घर माझे निघाले. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला मी अर्ज केला, अनामत भरली. कारण असे की, घरात पडून पत्नीचे खुब्याचे हाड मोडले होते, आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा तीन महिने घरून काम करण्याची परवानगी काढून आला होता. आमचे घर जुने, जाड भिंतींचे, कौलारू. मोबाईलची रेंज ओट्यावर मिळते, माजघरात मिळत नाही. तो बिचारा ओट्यावर छत्री बांधून बसे. पाऊस सुरू झाला तेव्हा तेही बंद झाले.

कंपनीचे नाव मी घेत नाही; ते महत्त्वाचेही नाही. प्रथम सांगण्यात आले की पाहणी व्हावयाची आहे. पाहणी झाली. मग कळले की जवळची डबी भरली आहे, पुढच्या डबीपासून वायर ओढावी लागेल. अंतर दोनशे मीटर, मध्ये एक रस्ता. रस्ता ओलांडण्यास परवानगी हवी. परवानगी आली असे कळते, तोच जेसीबीने मुख्य केबल तोडली. आणि श्रावणात मोबाईलवर संदेश आला : ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. जिला उंबरठा ओलांडता येत नव्हता, तिच्या घरी कोणी नव्हते, असे तो संदेश सांगत होता. खाली, आमच्या सेवेला किती गुण द्याल, असेही विचारले होते.

नागपंचमी झाली आणि मुलगा परत गेला.

रागाच्या भरात मी जुने कागद वाचावयास बसलो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँडसाठी नियम केले होते. पैसे घेतल्यावर १५ कामकाजी दिवसांत जोडणी द्यावी, न दिल्यास दिवसाला १० रुपये ग्राहकाच्या खात्यात जमा करावे. ऐकावयास किती छान! परंतु त्यातच तीन शब्द होते : तांत्रिक शक्यता असल्यास. ही शक्यता कोणी ठरवायची? ज्याने जोडणी द्यायची त्यानेच. २०२४ साली या नियमांच्या जागी नवे आले. तरी आमच्या भागात हे तीन शब्द अजून तोंडी नांदत आहेत. रस्त्याच्या परवानगीचेही तसेच. २०१६ च्या नियमांत अशी तरतूद होती की, ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे समजावे. म्हणजे कायद्याने विलंबाचा विचार केलाच नव्हता असे नाही. आणि पंचायतींना फायबरने जोडण्याची जी योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, ज्याला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, ती मुळात दोन वर्षांत पुरी व्हावयाची होती. २०२३ साली तिच्यासाठी नव्याने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर करावे लागले. एवढ्या मोठ्या घराला उशीर होतो, तर माझ्यासारख्याने किती ओरडावे?

येथे ज्येष्ठांना जुना टेलिफोन आठवेल. वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९९४ च्या धोरणात १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन देण्याचे उद्दिष्ट ठेवावे लागले, यावरूनच तेव्हाची दशा कळते. त्या काळाचे गोडवे मला गावयाचे नाहीत. तथापि तेव्हा प्रतीक्षायादी होती. आपला क्रमांक अमुक, पुढे इतके लोक आहेत, हे माणसाला विचारता येई. आज रांगच दिसत नाही. प्रत्येकाला वाटते आपण एकटेच अडलो आहोत, आणि उद्या होईल.

कार्तिकात एक दिवस वायर ओढणारा तरुण आला. माझाच विद्यार्थी. मी त्याला फैलावर घेतले. तो म्हणाला, “सर, आम्हाला पगार नाही, जोडणीमागं पैसे मिळतात. तुमच्या एका घराला शिडी, दोन माणसं आणि अर्धा दिवस लागतो. तेवढ्यात नव्या कॉलनीत चार घरं होतात. मी काय करू?” मी गप्प बसलो. गणित बरोबर होते. वर्गात त्याचे सहसा चुकत असे. सारी यंत्रणा जोडणीमागे पैसे मोजते, अंतरामागे मोजत नाही. म्हणून आरळा-मणदूरकडची वस्ती आणि गावातली जुनी गल्ली नेहमी शेवटी राहते. प्रकाश वीस-वीस किलोमीटर बिनतक्रार येतो आणि शेवटच्या दोनशे मीटरचा धनी कोणी नसतो.

काम त्याने चाळीस मिनिटांत केले. हिरवा दिवा लागला. माजघरात आता उत्तम रेंज आहे, आणि पत्नी रोज रात्री मुलाशी समोरासमोर बोलते. तो पुण्यात असतो.

‘होत नाही’ असे पहिल्या आठवड्यात स्पष्ट सांगितले असते, तर आम्ही बाजारपेठेजवळ एखादी खोली भाड्याने घेतली असती आणि त्याला दिवसा तेथे बसविले असते. नकाराचा मला राग नाही. राग आहे तो तीन महिने ‘उद्या’ म्हटल्याचा.

म्हणून एक वही मी सोबत आणली आहे. ज्यांचे अर्ज पडून आहेत त्यांनी सभा संपल्यावर अर्जाची तारीख, आळी आणि मिळालेले कारण तीत लिहावे. कंपनी कोणतीही असो. नावे गुप्त ठेवली जातील. यादी तालुक्याच्या ठिकाणी आणि नियामकाकडे मी स्वतः पाठवीन. पेन वहीलाच बांधलेले आहे, ते कृपा करून नेऊ नये.