गीताईकार आणि अनुशासन पर्व
(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



लेखकाची एक भेट पुस्तकातून होते आणि दुसरी प्रत्यक्षात. पहिल्या भेटीत वाचक आपल्या मनाप्रमाणे लेखक घडवून घेतो. दुसऱ्या भेटीत लेखक जसा असतो तसाच समोर येतो. महाराष्ट्रातील समाजवाद्यांची विनोबा भाव्यांशी झालेली दुसरी भेट १९७५ सालची. ती पुष्कळांच्या जिव्हारी लागली आणि अजूनही तिच्याविषयी मोकळेपणाने बोलणे होत नाही, म्हणून आज तो विषय.

पहिली भेट धुळ्याच्या तुरुंगातली. १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने विनोबांनी तेथे दिली. ऐकणारे होते सत्याग्रही कैदी आणि लिहून घेणारे होते साने गुरुजी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आले ते गुरुजींच्या लेखणीतून. 'गीताई' त्याच्या आधीची. १९३१ च्या आरंभी ती लिहून झाली आणि मराठी घराघरात पोहोचली. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या बाया तिचे श्लोक पाठ म्हणत. विनोबांना संत म्हणणारे पुष्कळ आहेत. पण मराठीत इतके नितळ आणि इतके निश्चयी गद्य लिहिणारे थोडेच झाले, हे आधी मान्य करावयास हवे. ज्याचे लेखनच सामान्य होते, त्याच्याकडून भ्रमनिरास होण्याचे कारणच नाही.

त्या प्रवचनांतील पहिल्याच दिवशीचा दृष्टांत येथे महत्त्वाचा आहे. शेकडो अपराध्यांना फाशी देणारा एक न्यायाधीश. एके दिवशी त्याचाच मुलगा आरोपी म्हणून त्याच्यापुढे येतो आणि तत्क्षणी न्यायाधीशाला देहान्ताची शिक्षा अमानुष वाटू लागते. विनोबांचे सांगणे असे की, अर्जुनाची अहिंसा या जातीची होती. तिच्या मुळाशी तत्त्व नसून स्वजनांविषयीची आसक्ती होती. हा दृष्टांत वाचून कार्यकर्त्यांची एक पिढी स्वतःच्या मनाची झडती घ्यावयास शिकली.

त्या पिढीत जयप्रकाशही होते. १९५४ साली बोधगयेला त्यांनी जीवनदान केले आणि पक्षकारण सोडून ते भूदानाच्या वाटेने गेले. समाजवादी पक्षाने आपला सर्वांत लोकप्रिय नेता पवनारला दिला, असे तेव्हा म्हटले जाई, आणि त्यात कडवटपणापेक्षा अभिमान अधिक होता. १९५१ साली पोचमपल्लीला सुरू झालेल्या त्या चळवळीने पाच कोटी एकरांचे लक्ष्य ठेवले. मिळाली ती चाळीस-बेचाळीस लाख एकर, त्यांपैकी बरीच खडकाळ किंवा वादग्रस्त, आणि वाटप त्याहूनही कमी. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब निराशाजनकच. पण त्या अपयशाने कोणाचा विनोबांवरील विश्वास उडाला नाही. अपयश आणि भ्रमनिरास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९७४ साली जयप्रकाश बिहारच्या आंदोलनात उतरले आणि सर्व सेवा संघात फूट पडली. विनोबांना सरकारशी संघर्ष नको होता. तरीही सत्य, अहिंसा आणि संयम पाळून ज्याने त्याने आपापल्या मार्गाने जावे, एवढी मोकळीक त्यांनी दिली. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी एक वर्षाचे मौन घेतले. २६ जून १९७५ च्या पहाटे जयप्रकाशांना दिल्लीत अटक झाली, तेव्हा ते मौन चालूच होते.

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना धाम नदीच्या पुलावरून पवनारचा आश्रम दिसतो. येथील माणसांना तो परका नव्हे. पक्षाचे, सर्वोदयाचे, खादीचे किती लोक तेथे जाऊन बसले असतील! त्या दिवसांत सगळ्यांची दृष्टी त्या टेकडीकडे होती. बोलू नये, पण निदान एक खूण तरी करावी. खूण झाली. विदर्भातीलच काँग्रेसचे खासदार वसंतराव साठे भेटीस गेले आणि तेथून 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द बाहेर पडले. महाभारतातील एका पर्वाचे ते नाव. काही दिवसांत ते देशभर भिंतींवर झळकले, आणि विरोधकांच्या तोंडी 'सरकारी संत' हा शब्द बसला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २५ डिसेंबर १९७५ ला मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला. शासन राज्यकर्त्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे. पुढच्या जानेवारीत त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलन भरविले. बंदिवानांची सुटका व्हावी, परिस्थिती पूर्ववत व्हावी, असा सौम्य ठराव तेथे झाला. सरकारने तो मनावर घेतला नाही. शब्दाची व्युत्पत्ती निर्दोष होती, यात शंका नाही. पण सहा महिने तो शब्द भिंतींवर राहिला तो दुसऱ्याच अर्थाने, आणि लेखणीचा एवढा मोठा स्वामी ते पाहत राहिला. शब्द कसा वापरला जाईल हे ज्याला कळत नाही, त्याला क्षमा करता येते. विनोबांना ते कळत नव्हते, असे म्हणणे हा त्यांचा अपमान होईल.

त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करावयास लावले. दुर्गाबाई कोणाच्या गुरू नव्हत्या, त्यांच्यामागे आश्रम नव्हता. पुढे त्या तुरुंगात गेल्या.

खरा घाव मात्र १९७६ चा. विनोबांनी जाहीर केले की, गोहत्याबंदी झाली नाही तर ११ सप्टेंबरपासून, म्हणजे आपल्या एक्याऐंशीव्या वाढदिवसापासून, उपोषण करू. ही बातमी छापली म्हणून आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. पवनारमध्ये पोलीस शिरले! तरीही राज्यांनी आश्वासने दिली, कायद्यांची तयारी केली आणि उपोषण टळले. म्हणजे विनोबांच्या प्राणाची किंमत दिल्लीला ठाऊक होती, आणि ती विनोबांनाही ठाऊक होती. तो प्राण त्यांनी गाईसाठी पणाला लावला. मधु लिमये, मधु दंडवते आणि हजारो अनाम कार्यकर्ते तेव्हा तुरुंगांत होते. नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्क दिला होता. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने तोही काढून घेतला होता. त्यांच्यासाठी पवनारहून उपोषणाचे नाव निघाले नाही. ऑक्टोबर १९७६ मध्ये पवनारजवळच सुरगावला प्रभाकर शर्मा या सर्वोदयी कार्यकर्त्याने आणीबाणीच्या निषेधार्थ स्वतःला जाळून घेतले. विनोबांच्याच मार्गावरचा तो माणूस.

असे का झाले? भीतीमुळे नव्हे; १९४० चा पहिला वैयक्तिक सत्याग्रही भित्रा नव्हता. सत्तेचा लोभही नव्हे. धुळ्याचा दृष्टांतच उत्तर देतो. स्वातंत्र्यलढ्यातील काँग्रेस आणि नेहरूंची कन्या ही विनोबांना स्वजन वाटत होती. परकीय सरकारशी ज्या कठोरपणाने ते बोलले, तो कठोरपणा घरच्या माणसांसमोर त्यांना आठवला नाही. काहींचे म्हणणे असे की, त्यांना देशात यादवी टाळावयाची होती. हा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. पण अर्जुनाचाही युक्तिवाद तोच होता.

'गीता प्रवचने' म्हणून कपाटातून काढून टाकावीत काय? तसे करणारेही निघाले. पण ज्या मापाने विनोबा उणे ठरतात, ते माप त्याच पुस्तकाने दिलेले आहे.

२२ एप्रिल १९७९ ला केरळ व पश्चिम बंगालमधील गोहत्येसाठी विनोबा पुन्हा उपोषणास बसले. पंतप्रधानपदी मोरारजीभाई होते. पाच दिवसांत आश्वासन मिळाले आणि उपोषण सुटले. त्या वेळी जयप्रकाशांचे जीवन डायलिसिसच्या यंत्रावर चालले होते. मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान तुरुंगवासातून सुटल्यानंतर झाले होते. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला ते पाटण्यास वारले.