आकडा घरून न्यावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ह्या टेबलावर तीन पातेली ठेवली आहेत. एकात सोसेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात व दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवावा आणि मग दोन्ही हात मधल्या पातेल्यात घालावेत. एक हात म्हणेल पाणी गार, दुसरा म्हणेल ऊन! पाणी तेच, पण हात आला कोठून, त्यावर वाटणे ठरते. किमतीचेही असेच आहे.

पुतणीच्या लग्नात द्यायची साडी घ्यायला मी गेले, तेव्हा मनाशी १५०० रुपये ठरविले होते. दुकानदाराने पहिली उलगडली ती ६००० ची. मग ४००० ची. त्यानंतर २२०० ची पुढे आली, ती मला चक्क स्वस्त वाटली! तीच आधी दाखविली असती, तर ‘महाग आहे’ म्हणून मी उठले असते. वरचे ७०० रुपये दिले ते सासूबाईंच्या चष्म्यासाठी बाजूला ठेवलेल्यांतून. पुढे दोन महिने त्या पोथी डोळ्यांशी धरून वाचीत होत्या. शब्दाने बोलल्या नाहीत, म्हणून मला अधिकच लागले.

असे होणारी मी एकटीच नव्हे. १९८१ साली ट्वर्स्की आणि कानेमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारले की, १५ डॉलरचे गणकयंत्र वीस मिनिटांच्या वाटेवरील दुकानात ५ डॉलरने स्वस्त मिळते, तर जाल का? शंभरात ६८ जण ‘जाऊ’ म्हणाले. यंत्राची किंमत १२५ डॉलर सांगून तेच विचारले, तेव्हा २९ च तयार झाले. वाचायचे होते ते दोन्ही वेळा पाचच डॉलर!

आपण तरी निराळे काय करतो? मेथीच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत घालतो आणि साडीच्या दुकानात शेकडा सहज सोडून येतो. पाच रुपये तिला मोठे असतात, हे विसरतो.

डब्यावर छापलेली एमआरपी म्हणजे कमाल किंमत. त्याहून अधिक घेता येत नाही; कमी घ्यायला मात्र दुकानदाराला कोणाची मनाई नाही. तो आकडा खोडून खाली दुसरा लिहिला की आपण किती वाचले ते मोजतो, किती गेले ते मोजीत नाही.

आता मी आकडा घरीच चिठ्ठीवर लिहिते आणि दुकानात बसण्यापूर्वीच सांगते, “ह्याच्या वरचे उलगडू नका.” मोह होतोच, पण चिठ्ठी हातात असली म्हणजे उठता येते.

सासूबाईंचा चष्मा झाला. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर हे कबूल करायचे होते, ते केले.