पाखरांचे तंटे आणि आपला कॅमेरा



बडोद्याहून डभोईस जावे आणि तेथून आणखी दहाबारा किलोमीटर पुढे जावे, म्हणजे वढवाणा नावाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, 1910 च्या सुमारास, बडोदे संस्थानाने तो शेतीच्या पाण्यासाठी बांधविला. ओरसंग नदीचे पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यापासून कालव्याने त्यात येते. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शेते होती, पाखरे नव्हती. तथापि पाणी साचले, पाणवनस्पती वाढली आणि हिमालय ओलांडून येणाऱ्या पाहुण्यांनी ही जागा आपली मानली. 2021 मध्ये रामसर कराराच्या यादीत, आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून, वढवाण्याचे नाव दाखल झाले. हिवाळ्यात तेथे पट्टकादंब उतरतात, लालसरी येते, आणि चांदव्यांची तर दाटी असते.

इतकी तोंडे एका पाण्यावर जमली म्हणजे अन्नावरून तंटे व्हावयाचेच. हे तंटे पाहणे आणि त्यांची छायाचित्रे घेणे हा माझा काही वर्षांचा छंद आहे. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे, आणि छायाचित्रकारांतही माझी जागा मधल्या रांगेतली. पण त्या रांगेतूनही एक गोष्ट स्वच्छ दिसते: जो तंटा चित्रात भयंकर दिसतो तो पाखरांच्या लेखी बहुधा क्षुल्लक असतो, आणि जेथे खरोखर लूट चाललेली असते तेथले चित्र मात्र पाहणाऱ्यास शांत वाटते.

चांदव्याचेच पाहा. काळा देह आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. म्हणून आपल्याकडे कोणी त्यास वारकरी असेही म्हणतात. हा पक्षी बुडी मारून तळाची पाणवनस्पती उपटून वर आणतो. त्याच्या शेजारी मळकट करड्या रंगाचे एक बदक निवांत तरंगत असते. हे गॅडवॉल. त्यास असे खोल बुडणे साधत नाही. शेपूट वर करून मान पाण्यात घालावी आणि जेथवर चोच पोहोचेल तेवढेच खावे, ही त्याची मजल. मग ते काय करते? चांदवा बुडाला की ते त्याच्या जवळ सरकते. चांदवा वर आला, चोचीत हिरवी जुडी दिसली, की मान लांबवून तिचा लचका तोडते. कधी सगळी जुडीच ओढून घेते. आणि चांदवा? पुष्कळदा तो काहीच करीत नाही. पुन्हा बुडी मारतो.

हाच चांदवा आपल्या जातभाईशी भांडू लागला म्हणजे ओळखू येत नाही. शेपटीवर मागे रेलून, दोन्ही पाय पुढे काढून, पंख फडकावीत तो असा काही तुटून पडतो की पाण्याचे तुषार हातभर वर उडतात. मग एकास मुभा आणि दुसऱ्यास लाथा, हा पंक्तिप्रपंच कशासाठी? मला वाटते, त्यात हिशेब आहे. पाणवनस्पती मुबलक, एक जुडी गेली तर दुसरी आणण्यास एका बुडीचे कष्ट. अंगाने आपल्याहून फारसे लहान नसलेल्या बदकाशी झुंजण्यास त्याहून अधिक शक्ती लागेल. जातभाईची गोष्ट निराळी. तो आज घास मागेल, उद्या जागा मागेल आणि परवा जोडीदारीण.

दुसऱ्याने मिळविलेले अन्न हिसकावून जगण्याच्या या रीतीस शास्त्रात क्लेप्टोपॅरासिटिझम असे लांबलचक नाव आहे. आपण चौर्योपजीविका म्हणू. ती कोठे फळते हे पाहू लागले की एक सूत्र हाती येते. शिकार मोठी हवी, दुरून दिसणारी हवी आणि गिळण्यास वेळ लागणारी हवी. लहान मासळी बगळ्याच्या गळ्यातून क्षणात उतरते. तिच्यासाठी कोणी उठत नाही. पण मोठा मासा चोचीत आडवा तडफडू लागला की दोनतीन बगळे एकदम धावतात. पंख पसरलेले, माना ताणलेल्या, पिसारा फुललेला. कॅमेऱ्यास याहून काय हवे? छायाचित्र पाहणारा म्हणतो, केवढे हे युद्ध! घड्याळ लावून पाहिले तर सारे तीनचार सेकंदांत आटोपलेले असते आणि एक पीसही गळालेले नसते.

ऑस्प्री, ज्यास कैकरही म्हणतात, पायांनी मासा पकडते आणि त्याचे डोके पुढे करून, वाऱ्यास अडथळा न होईल अशा बेताने उडत जाते. मासा जड असला की घारी मागे लागतात. अशा वेळी मासा सोडून देण्यात शहाणपण असते, कारण पंखास इजा झाली तर उद्याची शिकारही गेली.

लुटारूंतील माझा आवडता मात्र कोतवाल. गुरांच्या पाठीवर बसून, त्यांच्या पायांनी उडविलेले किडे तो टिपतो, आणि साळुंकीने काही चांगले हेरले की तिच्यावर झडप घालून तिचेही घेतो. कावळ्यास, घारीस पिटाळून लावतो, म्हणून लहान पाखरे त्याच्या आश्रयाने घरटी बांधतात. गावाचे रक्षण करावे आणि गावातच हात मारावा! ज्याने त्याचे हे नाव ठेविले त्याने कचेऱ्यांचा अनुभव घेतला असावा. दक्षिण आफ्रिकेतील कलाहारीच्या वाळवंटात याच्या एका भाऊबंदाचा अभ्यास टॉम फ्लॉवर या संशोधकाने केला. 2014 मध्ये तो 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथील कोतवाल इतर प्राण्यापक्ष्यांच्या धोक्याच्या हाका हुबेहूब काढतो, ते भ्याले आणि पळाले की त्यांचे टाकलेले अन्न उचलतो, आणि एका हाकेस ते फसेनासे झाले की दुसरी काढतो.

शाळेतील मुले हे ऐकून विचारतात, "सर, मग यात वाईट कोण?" मी त्यांना उलट विचारतो की गॅडवॉलने पोहणे सोडून बुडणे कोठून आणावे? बायबलमध्ये निश्चिंतपणाचा दाखला म्हणून पाखरांकडे बोट दाखविले आहे, आणि तो उतारा वर्षातून एकदा तरी आमच्या देवळात वाचला जातो. हल्ली तो ऐकताना मला वढवाणा आठवतो. अन्न मिळते हे खरे. पण ते घासाघासाने, शेजाऱ्यावर एक डोळा ठेवून मिळवावे लागते.

आता कॅमेऱ्याविषयी. भावनगरच्या धर्मकुमारसिंहजींसारखे पक्षिप्रेमी ज्या काळी सौराष्ट्रात छायाचित्रे घेत, तेव्हा फिल्म मोजकी असे; कळ दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. आज कॅमेरा सेकंदास दहावीस चित्रे टिपतो. सेकंदाच्या दोनहजाराव्या भागात उडता तुषारही गोठतो. तंत्राची अडचण उरली नाही. अडचण आहे ती थांबण्याची. तंटा आपल्या सवडीने होत नाही, म्हणून काही जण तो घडवून आणतात. ओख्याहून बेट द्वारकेस नावेने जाताना कुरवांना गाठिये टाकण्याची हौस आपण पाहिलीच असेल. 2024 मध्ये सुदर्शन सेतू झाला तरी ही हौस अन्यत्र पुष्कळ दिसते. मूठभर गाठिये भिरकावले की पन्नास कुरव एकमेकांवर कोसळतात, आणि चित्र झकास येते. पण ते तळलेल्या बेसनाचे आणि मिठाचे चित्र आहे. त्यात कुरवाचे काय? मासे धरण्याची त्याची वेळ मात्र वाया गेली. तीच गोष्ट लेन्स पुढे करीत पाण्यात घुसणाऱ्यांची. थवा उडाला की उडत्या थव्याचे देखणे चित्र मिळते, पण उत्तरेच्या प्रवासासाठी ज्या चरबीचा साठा चालला होता, त्यातला काही भाग त्या उड्डाणात जळालेला असतो. अशी चित्रे प्रदर्शनात मांडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी रीत साधी आहे. पहाटे पोहोचावे, सूर्य पाठीशी घेऊन पाळीवर एका जागी बसावे आणि तासभर कॅमेरा मांडीवरच ठेवावा. एवढ्यात कोण कोणाच्या मागे आहे ते कळू लागते. लुटणाऱ्यावर नव्हे, तर ज्याच्या चोचीत घास आहे त्याच्यावर लेन्स धरावी; लुटारू आपोआप चौकटीत येतो. आणि जवळ एक वही ठेवावी. तंटा किती सेकंद चालला, घास कशाचा होता, शेवटी कोणाच्या पोटात गेला, हे चित्रात उमटत नाही. माझ्या वहीत चांदवा आणि गॅडवॉल यांच्या नोंदींची कितीतरी पाने भरली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांपुढे शेवटच्या रकान्यात एकच शब्द आहे: 'बुडी'.