खिडकींतील मिरची आणि कंदफुलें



वसई-विरारच्या वाड्यांतून मुंबईस फुलें व भाजीपाला जाण्याचा परिपाठ फार जुना आहे. विरारहून मुंबईस गाडी इ. स. १८६७ मध्यें सुरू झाली, आणि टोपल्या घेऊन पहाटेची गाडी गांठणारीं माणसें येथें पिढ्यान् पिढ्या होत आलीं. आतां पुष्कळ वाड्यांच्या जागीं मजल्यांवर मजले चढले आहेत, आणि ज्यांच्या आजोबांची वाडी होती त्यांच्या वाट्याला खिडकीच्या जाळींतील हातभर जागा आली आहे. तेवढ्या जागेंत मिरची व निशिगंध नीट कसे वाढवावेत, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

हीं दोन्ही झाडें मूळचीं आपलीं नव्हेत. दोन्ही मेक्सिकोच्या बाजूचीं. ज्ञानेश्वरांच्या काळीं ह्या देशांत मिरची नव्हती. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि वसई तर इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यांत होती. आज तिच्यावांचून आपला ठेचा नाहीं कीं कालवण नाहीं.

मिरचीला प्रथम ऊन पाहिजे. निदान पांच-सहा तास. येथें भूगोल उपयोगीं पडतो. वसई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारें साडेएकोणीस अक्षांशावर आहे. त्यामुळें मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो, आणि दक्षिणेच्या खिडकींत त्या दिवसांत थेट ऊन मुळींच येत नाहीं. हिवाळ्यांत त्याच खिडकींतून तें खोलीच्या मध्यापर्यंत शिरतें. “खिडकी तीच, कुंडी तीच, मग झाड कां रोडावलें?” असें विचारणाऱ्यानें आधीं सूर्य कोठें आहे तें पाहावें, आणि कुंडी पूर्वेच्या खिडकींत हलवावी.

कुंडी दहा-बारा इंच खोल असावी. तळाच्या भोंकावर खापरी ठेवून दोन भाग माती, एक भाग जुनें शेणखत व एक भाग नदीची वाळू भरावी. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून आणूं नये. तींत मीठ असतें. मिठाचा प्रश्न पाण्यांतहि आहे. किनाऱ्याजवळ जमिनींतील पाणी बेसुमार उपसलें म्हणजे त्याच्या जागीं समुद्राचें पाणी शिरतें, आणि गोड्या विहिरी मचूळ होतात. असें पाणी घातलेल्या कुंडीच्या कांठावर पांढरी खरवड धरते व पानांच्या कडा करपतात. महिन्यांतून एकदां गोडें पाणी भरपूर ओतून तळांतून वाहूं द्यावें, म्हणजे क्षार धुवून जातो. एरवीं मातींत बोट घालून पाहावें, आणि वरची पेरभर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावें. तहानेपेक्षां लाडानेंच अधिक झाडें मरतात.

फुलें गळतात ही तक्रार उन्हाळ्यांत बहुधा उष्म्यामुळें, आणि कधीं नत्रखत फार झाल्यामुळें असते. मिरचीच्या एकाच फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. बंद खोलींत वारा नसतो, तेव्हां सकाळीं फांदी हळूच हलविली तरी काम भागतें. पानें वरच्या बाजूस वळलीं तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूस वळलीं तर कोळी. कडुनिंबाचें तेल लिटरभर पाण्यांत पांच मिलिलिटर, थोडा साबण घालून, संध्याकाळीं फवारावें. मात्र पानें पिंवळीं पडून बारीक व चुरगळलेलीं येऊं लागलीं, तर तो पांढऱ्या माशीनें आणलेला रोग समजावा. त्याला औषध नाहीं, झाड उपटावें. दारावर टांगण्यास शनिवारीं सात मिरच्या तोडणाऱ्यांस रविवारीं पाणी घालण्याची आठवण राहत नाहीं, हा रोग निराळा.

आतां कंद. वर्गांत मी कांदा उभा चिरून दाखवीत असें. पाकळ्या दिसतात तीं अन्न सांठविलेलीं पानें, बुडाची चकती हें खोड, आणि मध्यें पुढचा कोंब. म्हणून फूल गेल्यावर पानें कुरूप दिसतात एवढ्यासाठीं तीं कापूं नयेत; पुढील वर्षाची शिदोरी तींच भरीत असतात. निशिगंधाचा एक कंद एकदांच फुलतो, पुढची फुलें त्याच्या पिल्लांस येतात. कंद मार्च ते मे ह्या काळांत दोन इंच खोल लावावेत. फुलास तीन-साडेतीन महिने लागतात. ट्यूलिपचीं चित्रें पाहून कोणी भुलूं नये. त्याच्या कंदास कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाहीं.

वाडी विकून तळमजल्यावर राहावयास आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईनें सामानाबरोबर सासूच्या हातचे निशिगंधाचे कंद आणले होते. इ. स. २०१८ च्या जुलैंत वसईंत पाणी सांचलें, तेव्हां त्या कुंड्या तीन दिवस बुडून राहिल्या. पाणी ओसरतांच बाईंनी घरांतील गादीच्या आधीं कंद उपसले, मऊ झालेला भाग कापून टाकला, चिरेवर राख लावली व सावलींत सुकविले. चाळीसांपैकीं नऊ जगले. आज त्या नऊंचीं पिल्लें चार घरांत आहेत.

मे महिन्यांत लाल चेंडूसारखें फूल देणारी लिलीहि अशीच. ती हिवाळ्यांत पानें टाकून निजते. त्या वेळीं तिला पाणी घालूं नये. पुष्कळ घरांत दिवाळीनंतरच्या साफसफाईंत तिची कुंडी रिकामी समजून ओतून टाकतात. ओतण्यापूर्वीं बोटानें उकरून पाहावें. आंत कांहीं टणक लागलें, तर कुंडी पुन्हां कोपऱ्यांत ठेवावी, आणि एप्रिल संपतां संपतां थोडें पाणी द्यावें.